इंग्रजीतलं गाऱ्हाणं

इंग्रजी शब्दांशी श्रद्धाचं काही वैर नव्हतं. वैर शब्दांनीच धरलं होतं. रत्नागिरीला एसटी स्टँडजवळच्या क्लासमध्ये सर फळ्यावर दणादण शब्द लिहीत, अर्थ सांगत, मुलं उतरवून घेत. आणि श्रद्धा हातखंब्याला उतरून गावाची वाट धरेपर्यंत त्यातले निम्मे पळालेले असत. साधेसुधे शब्द असते तर गोष्ट वेगळी. हे सगळे बड्या घरचे, आखडू. बँकेच्या परीक्षेत ती दोनदा गणितात चांगली वर आली आणि दोन्ही वेळा याच आखडूंनी तिला पाडलं.

तिसऱ्या खेपेला तिने मनाशी ठरवलं, पाहुण्यांसारखं वागवल्यामुळेच हे शेफारलेत. यांना आता गावात आणायचं, गावच्या माणसांच्या गळ्यात बांधायचं. मग बघू कुठे पळतात ते.

आणि त्याची रीत तिच्या घरातच होती. तिचे बाबा, लवू, गावच्या देवळात गाऱ्हाणं घालत. गाऱ्हाणं म्हणजे साऱ्या गावाच्या वतीने देवाशी बोलणं. कुणाचं काय दुखतंय, कुणाचं काय अडलंय ते देवाच्या कानावर घालायचं, दूर कर म्हणून सांगायचं, आणि दर मागण्यापाशी जमलेल्यांनी हात जोडून गजर करायचा, ‘व्हय म्हाराजा!’ हा मान लवूच्या घराकडे त्याच्या आजोबांपासून चालत आलेला. हातात कागद नाही की चिठ्ठी नाही. वाडीवाडीची नावं ओळीने तोंडातून निघत. त्या सुरात म्हटलेलं विसरतो म्हटलं तरी विसरता येत नाही, हे श्रद्धा लहानपणापासून बघत होती.

मग काय! रोज दुपारी ती देवळामागच्या सड्यावर जायची. उघडा कातळ, भणाणता वारा, ऐकायला चिटपाखरू नाही. हात जोडून, बाबांचाच सूर लावून ती सुरू करायची.

“बा देवा म्हाराजा! गोदाकाकीच्या जिभेला जा काय गॅरुलस लागला असंल, ता दूर कर रे म्हाराजा! अनिल दुकानदाराच्या हाताला जा पार्सिमोनियस चिकाटला असंल, ता सोडव रे म्हाराजा! धोंडूआबांच्या डोक्यात जा ऑब्ड्युरेट बसला असंल, ता उठव रे म्हाराजा!”

शब्द असे मुकाट बसले की विचारू नका. क्लासमध्ये सरांनी ‘ऑब्ड्युरेट’ विचारला की तिच्या डोळ्यांपुढे धोंडूआबा काठी टेकून उभे राहत आणि अर्थ आपोआप तोंडात येई. क्लासमधल्या बाकीच्या पोरांनी हिची जादू काय म्हणून विचारून विचारून तिचं डोकं खाल्लं, पण तिने ताकास तूर लागू दिली नाही.

शिमगा जवळ आला तशी एका दुपारी गावची माणसं देवळाच्या साफसफाईला जमली. श्रद्धाला त्याचा पत्ता नव्हता. वारा नेमका देवळाकडे वाहत होता. सड्यावरून गाऱ्हाण्याचा सूर आला. दुसऱ्या कुठल्या गावात लोकांनी कान टवकारले असते, कोण ते बघायला कुणीतरी धावलं असतं. इथे हातातले झाडू खाली पडले आणि हात जोडले गेले. जन्माची सवय ती!

“व्हय म्हाराजा!”

सड्यावर श्रद्धाने चमकून देवळाकडे बघितलं. पण तोंडातून दुसरं मागणं निघून गेलं होतं. त्यालाही गजर मिळाला. तिसऱ्या गजरात गोदाकाकीचा आवाज सगळ्यांच्या वर होता, आणि मग काकीच्या एकदम ध्यानात आलं की पहिल्या मागण्यात आपलं नाव होतं.

झालं! गावभर पेटलं. गोदाकाकीने दारोदार जाऊन सांगितलं, की लवूच्या पोरीने देवाकडे आपल्यासाठी इंग्रजीतून काहीतरी मागितलंय, आणि आपण सगळ्यांनी हात जोडून त्याला व्हय म्हटलंय. धोंडूआबा गावचे पहिले मानकरी. ते म्हणाले, “देवाफुडं आमी व्हय बोललाव. कशाला बोललाव ता आमाला ठाव न्हाय. ज्या घरात गाऱ्हान्याची थट्टा व्हते, त्या घरानं यंदा शिमग्याला गाऱ्हाना घालू नये. रविवारी देवलात काय ता ठरवू.”

श्रद्धाने घरी येऊन बाबांना सगळं सांगितलं. काही न लपवता. लवू गोठ्यात म्हशीला पेंढा टाकत होता. त्याने शेवटपर्यंत ऐकलं. मग विचारलं, “जेवलीस?” आणि घमेलं उचलून बाहेर गेला.

त्यापेक्षा दोन थोबाडीत दिल्या असत्या तर बरं, असं तिला वाटलं. दोनदा नापास झाली तेव्हाही हेच. ‘जेवलीस?’ बाबांना आपली लाज वाटते की कीव येते, तिला कधी कळलंच नव्हतं. या माणसाची जीभ सबंध वर्षात एकाच ठिकाणी मोकळी होते, देवासमोर. आणि आता ती जागाच आपल्यापायी जायची वेळ आली होती.

रविवारी देऊळ भरलं. गाऱ्हाणं घालायची जागा, देवासमोरचा तो एवढासा दगड, रिकामा होता. लवू मागे खांबाला टेकून बसला होता.

खोटं बोलून सुटणं सोपं होतं. देवळात मोबाइलला रेंज नाही, कोण बघणार होतं? गॅरुलस म्हणजे गोड गळ्याची, पार्सिमोनियस म्हणजे दानशूर, ऑब्ड्युरेट म्हणजे न्यायी. माणसं खूश होऊन घरी गेली असती. पण श्रद्धा त्या सभेत ताठ उभी राहिली. इथे जमलेल्यांत या शब्दांचे अर्थ एकट्या आपल्याला ठाऊक आहेत, मग ते खरे सांगायचेही आपणच. आणि एवढ्या कष्टाने गावात आणलेल्या शब्दांना खोटी नावं लावायची तिची तयारी नव्हती.

“थट्टा न्हाय केली,” ती म्हणाली. “पाठ करत व्हते. काय मागितला ता सांगते. गॅरुलस म्हंजे भारी बोलनारी. कामाचा थोडा, बिनकामाचा जास्ती, नि थांबायचा नाव न्हाय.”

सगळे गोदाकाकीकडे बघू लागले. काकीने पदर खोचला.

“मंग ह्यात खोटा काय हाय?” ती म्हणाली. “पन माज्यासाठी इंग्रजीत येगला शब्द हाय, ह्या मना आजवर कुनी बोलला न्हाय!”

देऊळ हसलं. श्रद्धाला धीर आला. “पार्सिमोनियस म्हंजे चिकट. अनिलदादा पुडी बांधताना सुतलीसुदा अर्धी तोडतो.”

“सुतली काय झाडाला लागते?” अनिल पुटपुटला, आणि हशा आणखी वाढला.

“आनि ऑब्ड्युरेट?” धोंडूआबांनी काठी आपटली. हशा जागच्या जागी विरला.

“ऑब्ड्युरेट म्हंजे नुसता हट्टी नव्हे, आबा. हट्टी मानूस ऐकतच न्हाय. ह्यो सगला ऐकून घेतो, फुडच्याच्या डोल्यात पानी आलेला बघतो, नि तरी आपला सोडत न्हाय.”

आबांनी काठीवर हनुवटी टेकली. “सगल्या गावाला नावा ठेवलीस. तुज्या घरचा शब्द कुठाय? का गाव तेवडा वाकडा, नि तुमी सरल?”

श्रद्धाने मागे वळून खांबाकडे बघितलं. तिचा आवाज पहिल्यांदाच बारीक झाला.

“हाय. रेटिसंट. म्हंजे ज्याच्या मनात पुष्कल असता, पन जो बोलून दाखवत न्हाय. माजे बाबा. अख्ख्या गावाचा दुखना देवाला सांगतात, नि घरात मना ‘जेवलीस?’च्या फुडं एक शब्द न्हाय. ता दूर कर, असा मी रोज सड्यावर मागते.”

कुणी हसलं नाही. गोदाकाकीसुद्धा गप्प राहिली. लवू खांबापासून उठला. बसलेल्या माणसांतून वाट काढत पुढे आला आणि कुणाला न विचारता त्या दगडावर जाऊन उभा राहिला. आबांची काठी हलली, पण उचलली गेली नाही. लवूने हात जोडले.

“बा देवा म्हाराजा! तुज्या देवलात आज तुजी सगली लेकरा जमली हायत म्हाराजा!”

“व्हय म्हाराजा!”

“माजी लेक श्रद्धा, दोनदा परीक्षेत पडली, नि दोनदा उटून हुबी ऱ्हायली म्हाराजा!”

“व्हय म्हाराजा!”

लवूने जोडलेले हात कपाळाला लावले. “तिचा मना किती अभिमान हाय, ता माज्या तोंडून निगत न्हाय म्हाराजा. माज्या जिभेला जा काय रेटिसंट लागला असंल, ता दूर कर, नि जोवर दूर व्हत न्हाय, तोवर तूच तिला सांग रे म्हाराजा!”

देऊळ दणाणलं. त्या गजरात धोंडूआबांचा आवाज होता, हे शेजारच्यांनी ऐकलं. श्रद्धाचे डोळे घळाघळा वाहत होते आणि तीसुद्धा हात जोडून ओरडत होती, “व्हय म्हाराजा! व्हय म्हाराजा!”

बाहेर पडताना आबा तिच्यापाशी थांबले. “मी आपला सोडत न्हाय, ह्या खरा. पन गाऱ्हान्याचा मी अजून ठरवलाच कुठं व्हता?” एवढं बोलून ते काठी टेकत निघून गेले. शिमग्याला गाऱ्हाणं लवूनेच घातलं.

परीक्षेच्या दिवशी सकाळी लवूने तिला स्कूटरवरून हातखंबा तिठ्यापर्यंत सोडलं. वाटभर तो एक अक्षर बोलला नाही. रत्नागिरीची एसटी आली, श्रद्धा चढली, खिडकीशी बसली. लवू खिडकीखाली येऊन उभा राहिला. काहीतरी बोलायचं म्हणून त्याचे ओठ दोन-तीनदा हलले.

“येळेवर जेव,” तो म्हणाला.

“व्हय म्हाराजा!” श्रद्धा म्हणाली, आणि लवू हसला. गाडी हलली. तिने पुस्तक पिशवीतून काढलंसुद्धा नाही.