गृहिणी दिसली की बाद

मी एक ओळ बोलतेय. पायथॉन या संगणकाच्या भाषेतली, अर्जांमधले हुद्दे चाळणारी. मजकुरात ठरलेला शब्द हुडकणं हे माझं काम, जाणकार मला रेग्युलर एक्स्प्रेशन म्हणतात. माझी मालकीण स्वप्नाली कोल्हापुरात, लोकांना कामाला माणसं शोधून देणाऱ्या कंपनीत नोकरीला लागली, तेव्हा तिनं अंबाबाईपुढं शुक्रवार धरला होता, "आई, माझ्या हातून कुणाच्या पोटावर पाय पडू देऊ नकोस." ते व्रत माझ्यामुळं मोडलं. सांगतानाही मान वर होत नाही.

झालं असं. वारणानगरच्या एका वसतिगृहाला मेस सांभाळायला बाई हवी होती. अर्जांचा ढीग आला. स्वप्नालीचे साहेब अमरसिंह म्हणाले, "नुसत्या घरात बसलेल्या नकोत. अनुभव बघा." स्वप्नालीनं घाईत मला लिहिलं. हुद्द्यात कुठंही 'गृहिणी' दिसलं की अर्ज बाद.

डोळ्याचं पातं लवायच्या आत मी ढीग निम्मा केला. साहेब खूश झाले, मीही फुगले. पुढचे शब्द वाचावेत, हे मनातसुद्धा आलं नाही.

शुक्रवारी संध्याकाळी स्वप्नाली उपास सोडायला बसली. तिच्या सासूबाई बाळाबाई भाकरी वाढता वाढता म्हणाल्या, "वारणेच्या मेसला अर्ज केलता मी. बाद केला म्हनं."

"आत्या! मला सांगायचं की!" स्वप्नाली सासूला आत्याच म्हणते.

"सांगून? सुनंच्या वशिल्यानं शिरली म्हणायला गाव मोकळं."

"हुद्दा काय लिहिलासा?"

"हाय त्योच. गृहिणी आणि खानावळ चालक. घर आधी न्हवं व्हय? खानावळ मागनं आली." मग त्या हसल्या, "तुमच्या मशिनीला सासू नसंल, न्हाईतर एवढं धाडस केलं नसतं."

स्वप्नालीला हसू आलं नाही. ताट सरकवून तिनं लॅपटॉप उघडला. मी टाकलेल्या बायका एकेक वर आल्या. गृहिणी आणि पापड केंद्र. गृहिणी व शाळेतला स्वयंपाक. मला वाटलं, पडद्यावरून पुसून जावं.

"मुलाखती उद्याच हाईत. तुमचा अर्ज परत वर काढते, आत्या."

"माझा एकटीचा? मग मी जायची न्हाई. सगळ्यांचे काढ."

साहेब फोनवर आधी कुरकुरले, मग म्हणाले, "बोलवा सगळ्यांना." भाकरी गार झाली, पण निरोप गेले. मग स्वप्नालीनं मला दुरुस्त केलं. आता मी कुणाला बाद करत नाही. शंका आली तर अर्ज बाजूला ठेवते, तो ती स्वतः वाचते.

सकाळी बाळाबाई वारणेची एसटी धरतील. काम मिळेल की नाही, अंबाबाई जाणे. स्वप्नालीनं शुक्रवार नव्यानं धरलाय. तिच्यामागं मीही धरलाय, शेवटचा शब्द वाचल्याशिवाय कुणाला टाकायचं नाही.

तुम्हीही एखादीला विचारता, "काय करता?" ती म्हणते, "गृहिणी." तिथंच मान फिरवू नका. ती पुढं काय सांगते तेवढं ऐकायचं, हे व्रत तुम्हीही धरा.