वावटळीची रांग

इस्पितळात तिला सगळे मिनिटबाई म्हणायचे. कुठलं ऑपरेशन कुठल्या खोलीत, किती वाजता, हे सगळं वेळापत्रक तिच्या हातात. घरच्या सहलीलाही तिनं तोच न्याय लावला.

पार्कातल्या मोठ्या राइड्सचं आरक्षण बरोबर तीस दिवस आधी, सकाळी सहाला उघडतं आणि ‘वावटळ’ नावाचा रोलर कोस्टर पाच मिनिटांत भरतो, हे तिनं शोधून काढलं होतं. त्या दिवशी पावणेसहालाच तिनं नवऱ्याला स्वयंपाकघरातल्या टेबलाशी आणून बसवलं. एक फोन त्याच्या हातात, एक तिच्या.

“सहाच्या आधी बोट लावायचं नाही हं,” तिनं दम भरला.

“श्वास घेतला तर चालेल ना?” नवरा जांभई देत म्हणाला.

सहा वाजून दोन मिनिटांनी अकरा चाळीसच्या तीन जागा हाती लागल्या आणि तिचा जीव भांड्यात पडला.

“तीनच?” आत्यानं चहा गाळता गाळता विचारलं.

“आम्ही दोघं आणि लेक. तू बॅगा सांभाळशील ना गं?”

“सांभाळीन की.”

आत्या सदुसष्ट वर्षांची. चौतीस वर्षं टेलिफोन ऑपरेटर होती. मिनिटबाईची आई लवकर गेली, तेव्हा हिनंच तिला लहानाचं मोठं केलं. निवृत्त झाल्यापासून त्यांच्याकडेच राहायची, तब्येत ठणठणीत.

ठरल्या दिवशी अकरा चाळीसला सगळे वावटळीच्या फाटकापाशी हजर होते. वरून एक डबा किंचाळत खाली आला आणि अकरा वर्षांच्या लेकीचा चेहरा पांढराफटक पडला.

“मी नाही जाणार.”

“अगं, महिन्याभरापूर्वी बुक केलंय!”

मग समजावणं झालं, आमिष झालं, डोळे वटारून झाले. लेक रडायला लागली. या सगळ्यात दहा मिनिटं गेली आणि फाटकावरच्या मुलीनं मान हलवली. “तुमची वेळ संपली, ताई. आता साध्या रांगेतून. सत्तर मिनिटं लागतील.”

मिनिटबाईनं घाईघाईनं पुढचा कागद उलगडला. “जाऊ दे. सव्वाबाराला पाळणा आहे.”

“तुम्ही व्हा पुढे,” आत्या म्हणाली. तिनं खांद्यावरच्या दोन्ही बॅगा उतरवून जावयाच्या हातात दिल्या. “मी रांगेत उभी राहते. मला बसायचंय यात.”

“तुला? आधी का नाही बोललीस?”

“तू आधी जागा धरल्यास, मग विचारलंस.”

एवढं म्हणून आत्या रांगेकडे चालायलाही लागली. तिला एकटीला कसं सोडायचं? नवरा लेकीला घेऊन बोटींकडे गेला आणि मिनिटबाई पाय आपटत आत्याच्या मागे उभी राहिली.

लोखंडी कठड्यांमधून रांग मुंगीच्या पावलांनी सरकत होती. दोन वळणं झाल्यावर आत्या सहज म्हणाली, “एक सांगायचं होतं. पुढच्या महिन्यात मी माझ्या मैत्रिणीकडे राहायला जातेय. एक्स्चेंजमधली गं, शेजारच्या खुर्चीवर बसायची ती. तिच्या घराचा वरचा मजला रिकामा आहे.”

“कधी ठरलं हे?”

“दोन महिने झाले.”

“आणि मला आज सांगतेस?”

“तीनदा आले होते सांगायला. एकदा तू फोनवर होतीस. एकदा या सहलीचा तक्ता करत होतीस. तिसऱ्यांदा म्हणालीस, रविवारी निवांत बोलू.” आत्याच्या आवाजात राग नव्हता. “रविवारी तू विसरलीस.”

मिनिटबाई तिच्याकडे वळली. “आमचं काही चुकलं का? काही कमी पडलं?”

“छे गं. मी उठायच्या आत माझ्या गोळ्या वाटीत काढलेल्या असतात. पण माझा दिवस कसा जाणार, हे मला तुझ्याकडून कळतं. तिथं आम्ही दोघी बसून ठरवू काय करायचं ते. ठरणार काहीच नाही म्हणा, दोघी पक्क्या चुकार.”

रांग आणखी एक वळण पुढे सरकली. सामानाला टेम्पो कधीचा सांगायचा, खोके किती लागतील, हे मिनिटबाईच्या अगदी ओठांवर आलं होतं. तिनं ते गिळलं.

“खोली कशी आहे तुझी?” तिनं विचारलं.

मग आत्या बोलतच सुटली. खिडकीतून शाळेचं मैदान दिसतं. दार जरा अडकतं. मैत्रीण झोपेत अजूनही ‘नंबर प्लीज’ म्हणते. मिनिटबाई कठड्याला टेकून हसली, डोळे पुसत हसली. आपली पाळी कधी आली, हे दोघींनाही कळलं नाही. वर पोचल्यावर आत्यानं तिचा हात गच्च धरला आणि खाली येईपर्यंत अशी खणखणीत ओरडली की पुढच्या डब्यातले लोक वळून बघायला लागले. पाळणा तर केव्हाच हुकला होता.

आत्या ठरल्याप्रमाणे गेली. सुरुवातीचे काही आठवडे मिनिटबाईला घरात करमेना. एका शनिवारी, न कळवता, ती बस पकडून आत्याकडे गेली, तर दाराला कुलूप. खालच्या दुकानदारालाही पत्ता नव्हता. ती पायरीवर बसली. आधी चिडली, मग समोरच्या मैदानावर चाललेला खेळ बघत राहिली. दीड तासानं दोघी म्हाताऱ्या एकाच छत्रीतून खिदळत आल्या.

“अगं बाई!” आत्या म्हणाली. “यायच्या आधी कळवायचं तरी!”