घोरण्यावरच्या गोळ्या

लाथ बरगडीत बसली. त्या दुपारची ही तिसरी. बायको आधी भिंतीवर आपटली, मग जागी झाली.

"घोरतेस की गिरणी चालवतेस?" नवरा कूस बदलत म्हणाला. तो ट्रक ड्रायव्हर. "रात्रभर गाडी हाणून येतो मी. पुन्हा आवाज केलास तर तोंड फोडीन."

तो नुसता बोलणाऱ्यातला नव्हता. तिची एक दाढ त्याने आधीच हलवून ठेवली होती. ती पहाटे पाचपासून दवाखान्याच्या धुलाईखात्यात चादरींना इस्त्री करी आणि दुपारी झोपे. त्याचीही झोपायची वेळ तीच, आणि खोली एकच. एवढाच तिचा गुन्हा.

तिने उशाखालची होमिओपॅथीच्या गोळ्यांची बाटली काढली. चार गोळ्या झाकणात ओतायच्या, हात न लावता जिभेखाली धरायच्या. कांदा बंद, कॉफी बंद. तिने सगळं इमानेइतबारे पाळलं होतं. ही तिसरी बाटली. बाटलीवरचं नाव दर वेळी वेगळं, लाथ मात्र तीच.

संध्याकाळी ती चौथी बाटली आणायला गेली. दुकानात आज म्हाताऱ्या मालकाऐवजी त्याची सून बसली होती. म्हातारा काही न विचारता बाटली पुढे करी. सुनेने वही उघडली.

"घोरणं कधीपासून?"

"दीड वर्ष झालं."

"त्याआधी?"

"कधीच नाही."

"मग कशानंतर सुरू झालं? सर्दी, वजन वाढणं, कुठे पडलात-बिडलात?"

"दारावर आदळले होते. नाक मोडलं," ती सवयीने म्हणाली.

सुनेने तिच्या नाकाकडे नीट पाहिलं. "ताई, हाड वाकडं बसलंय. गोळ्यांनी ते सरळ होणार नाही. नाकाच्या डॉक्टरांना दाखवा."

"दार नव्हतं," ती म्हणाली. "मूठ होती त्याची."

नाक त्याने फोडायचं, मग ते वाजतं म्हणून बरगड्याही त्यानेच मोडायच्या, आणि कांदा सोडायचा हिने! तिला इतका राग आला की हसूच फुटलं. बाटली न घेताच ती निघाली.

बहिणीकडे जायचं ठरवून ती घरी गेली आणि कपडे पिशवीत भरले. "कुठे उंडारत होतीस?" म्हणत त्याने अंबाडा धरून तिचं डोकं फळीवर आदळलं. ओठ फाटला. एरवी ती तोंड झाकून घेई. आज तिने त्याचं मनगट दातांत धरलं आणि हाड लागेपर्यंत सोडलं नाही. या वेळी ओरडला तो ड्रायव्हर. शेजारी दारात आले. तोंडात दोघांचं रक्त घेऊन ती पिशवीसह त्यांच्यामधून जिना उतरली.

धाकट्या बहिणीने तिचा ओठ पुसला आणि पोरांच्या खोलीत अंथरूण घातलं.

"मी घोरते गं," तिने आधीच सांगून टाकलं. "पोरांना त्रास होईल."

"घोर."

ती अंथरुणाच्या अगदी कडेला आडवी झाली. बहीण उशाशी बसली. थोड्या वेळाने ती घोरू लागली आणि झोपेतच तिचे दोन्ही हात वर येऊन तोंडावर आडवे झाले. बहिणीने ते काढले नाहीत. ती तशीच बसून राहिली. बऱ्याच वेळाने त्यातला एक हात हळूहळू खाली आला.