बी विंगमधला उजेड

आमच्या बिल्डिंगीत सोळा फ्लॅट. सोळाच्या सोळा विकलेले. राहणारी मी एकटी.

घेताना बिल्डर म्हणाला होता, "सिस्टर, एकच राह्यलाय. जल्दी करा." मी घनसावंगीच्या दवाखान्यात तीस वर्षं नर्स होते, माणसांच्या गराड्यात जन्म गेला. आमचे हे गेल्यावर शहरातल्या जुन्या मस्तगड भागातल्या दोन खोल्या खायला उठल्या, म्हणून त्या विकून समृद्धी महामार्गाकडच्या या बाजूला आले. म्हटलं, सोळा दारं असतील, कुणी साखर मागेल, कुणाचं लेकरू तापेल. लोक घर राहायला नाही, भाव वाढायला घेतात, एवढी साधी अक्कल साठीच्या बाईला नसावी!

फ्लॅटवाले येतात, पण एकदाच, दूध उतू घालायला. सोबत ना शेगडी ना पातेलं. मग माझं दार वाजतं. "काकू, शेगडी मिळेल का दहा मिनिटं?" माझी शेगडी छोट्या सिलिंडरसकट नऊ घरांत फिरून आलीय. दूध उतू जातं, फोटो निघतो, मला पेढा मिळतो आणि दाराला कुलूप लागतं. जाताना किल्ली माझ्याच हातात. "अधूनमधून खिडक्या उघडा हं."

बी विंगमधला तीनशे दोन माझ्या गॅलरीच्या अगदी समोर. तो पुण्याच्या रेणू आणि राजानंदचा. दूध उतू गेल्यावर रेणूनं ओट्यावरून हात फिरवला आणि विचारलं, "इथं दूधवाला किती वाजता येतो हो?" त्या एका प्रश्नावर मी महिनाभर जगले. त्यांचे कर्जाचे हप्ते सुरू झाले, रेणू काही आली नाही.

एकदा खिडक्या उघडायला गेले आणि तिथला दिवा चुकून चालू राहिला. चहा घेऊन गॅलरीत बसले, तर समोर कुणी राहत असल्यासारखं वाटलं. इतकं बरं वाटलं की माझी मलाच लाज वाटली. दुसऱ्या दिवशी मुद्दाम लावला. रेणूला फोनवर विचारलं, तर म्हणाली, "लावा की काकू, तेवढीच चोरांना भीती." मग बाकीच्यांनाही विचारलं. दिवाळीपासून रोज संध्याकाळी नऊ दिवे लावायचे आणि जेवण झालं की पुन्हा फिरून बंद करायचे, असा माझा राउंड ठरला. गुडघे बोंब मारायचे, पण ड्यूटीवर असल्यासारखं वाटायचं.

जानेवारीत मैमूना आली. उर्दू शाळेत शिकवणारी, सोबत नवरा जीशान आणि दोन मुली. राजानंदनं तीनशे दोन विकायला काढला होता. किल्ली माझ्याकडे, म्हणून दाखवायला मीच गेले. मैमूनानं दारातच चपला काढल्या. आजवर घर बघायला आलेल्या एकानंही काढल्या नव्हत्या.

"मावशी, तुम्ही एकट्याच राह्यता इथं?"

"तुम्ही आलात की दोन घरं होतील."

"आम्हाला राह्यलाच पायजे. दर दोन वर्सांनी सामान बांधून राह्यलो. भाव ठरलाय, बँकेनं कर्ज बी मंजूर केलंय. शनिवारी इसार देतो."

मुली जिने उतरून-चढून माझ्या गॅलरीत पळाल्या आणि तिथून तीनशे दोनच्या खिडकीत उभ्या असलेल्या आईला हात करू लागल्या. मी म्हटलं, "दूध उतू घालायला शेगडी आणू नका, माझी आहे."

मैमूना हसली. "आमची आम्ही आणणार मावशी. सैपाक रोजचाच करायचाय ना!"

मी त्या दिवशी दूधवाल्याला सांगून टाकलं, इथं आणखी एक घर वाढणार म्हणून.

शनिवारी मैमूनाचा फोन आला. "मावशी, न्हाई जमलं. त्यांनी चार लाख वाढवले. त्यांचा एजंट संध्याकाळी येऊन गेल्ता म्हणे. बिल्डिंगीत वस्ती झालीय, रोज लाइटी दिसून राह्यल्यात, आता भाव वेगळा. बँक काही वाढवून देत न्हाई."

"कुठली आलीय वस्ती?" मी ओरडले, आणि मग माझे रोजचे नऊ दिवे आठवले.

लगेच राजानंदला फोन लावला. "अरे बाबा, ते दिवे मी लावते. इथं काळं कुत्रं राहत नाही. त्या बाईला ठरलेल्या भावानं दे."

तो हसला. "काकू, हे कुणाला बोलू नका. आणि दिवे लावत जा हं."

त्याला काय बोलले ते इथं लिहिण्यासारखं नाही. फोन ठेवला आणि मग स्वतःलाही तसंच बोलले. हाताशी आलेला शेजार मी माझ्याच हातानं घालवला होता.

त्या संध्याकाळी ठरवलं, आता एकही दिवा लावायचा नाही. नऊ किल्ल्या डब्यात टाकून झाकण लावलं आणि गॅलरीत बसले. समोर मैमूना उभी होती ती खिडकी हळूहळू दिसेनाशी झाली. सात वाजले. जेवायची इच्छा होईना. मला फार एकटं वाटत होतं, दुसरं काही नाही.

साडेसातला उठले. डबा उघडला, एकच किल्ली घेतली, तीन मजले उतरून पलीकडचे तीन मजले चढले आणि तीनशे दोनचा दिवा लावला.