चिमाबाईच्या चेहऱ्यावरचा चंद्र

कोजागिरीला आणे पठारावरच्या आमच्या वाडीत, शाळेच्या पटांगणात, हजारभर माणसं दुधाचे पेले डोक्यावर धरून उभी होती. हात अवघडले होते, काहींचं दूध कोपरापर्यंत ओघळत होतं, पण पेला खाली घ्यायची परवानगी नव्हती. चंद्रामृत महाराज या दुधात पुडी टाकून दम्यावर औषध देणार होते. मुहूर्त खरं तर मध्यरात्रीचा. पण महाराजांना आणखी एका गावी जायचं असल्यानं चंद्राला इथलं काम साडेआठलाच उरकावं लागणार होतं.

"श्वासाचा स्वामी चंद्र," महाराज माइकवरून सांगत होते. "आज त्याच्या सोळाही कला दुधात उतरतात. ज्याच्या छातीत चंद्र उतरतो, त्याच्या चेहऱ्यावर तो उगवतो. पुढं बघा."

पुढं सतरंजीवर गेल्या कोजागिरीला औषध घेतलेली पंधरा-वीस माणसं बसवली होती. सगळ्यांचे चेहरे गोल, गाल फुगलेले, लालसर, तुकतुकीत. लोक त्यांच्याच पाया पडत होते. मधोमध आमची चिमाबाई होती.

मी या शाळेचा मास्तर. चमत्कार म्हटलं की माझं डोकं फिरतं, पण चिमाबाईपुढं कितीतरी महिने माझी बोलती बंद होती. ही मेंढपाळ जानकूची आई. दम्यापायी घरापासून मेंढरांच्या कुंपणापर्यंत जाताना तिला तीनदा टेकावं लागायचं. गेल्या कोजागिरीपासून ती महाराजांची पुडी रोज घेऊ लागली आणि खरोखर टेकडी चढू लागली. हे मला कबूल करावं लागायचं आणि त्याचा मला फार राग यायचा.

चेहऱ्याचा घोळ मात्र वाढत गेला. भाद्रपदात ग्रामपंचायतीचं मतदान झालं, तेव्हा चिमाबाई, गोजरबाई आणि धोंडाबाई, तिघीही पुडीवाल्या, एका रांगेत आल्या. ओळखपत्रांवर तीन वाळकुड्या बायका, समोर तीन पौर्णिमा. कोणतं कार्ड कुणाचं ते मतदान केंद्रावरच्या साहेबांना ठरवता येईना. दोन्ही पॅनेलच्या माणसांचंही एकमत होईना. शेवटी चिमाबाईचा कुत्रा आत शिरून तिच्या पायाशी बसला, आणि तेवढी ओळख ग्राह्य धरून साहेबांनी तिच्या बोटाला शाई लावली.

त्या दिवशी ती लंगडत होती. पायात बाभळीचा काटा मोडून तीन आठवडे झाले होते आणि जखम भरायच्या ऐवजी काळी पडत चालली होती. कोजागिरीला चंद्र पायातही उतरेल, असं महाराजांनी सांगितलं होतं, आणि जानकू तोवर थांबायला तयार होता. मी थांबलो नाही. त्याच्याच मोटरसायकलवर म्हातारीला मध्ये बसवून आम्ही सरकारी दवाखाना गाठला.

तिथल्या डॉक्टर शीलाबाईंनी पायाआधी चेहरा बघितला, मग दंडावरचे काळेनिळे डाग. साखर तपासली, ती तीनशेच्या वर.

"पुड्या कोण देतं?" त्यांनी विचारलं.

जानकूनं भक्तिभावानं सगळं सांगितलं. पुडीत स्टेरॉइडच्या गोळ्या कुटून घातलेल्या असणार, बाई म्हणाल्या. त्यानं धाप हमखास बसते. पण कुणाच्या देखरेखीशिवाय वर्षभर घेतलं की साखर चढते, हाडं ठिसूळ होतात, जखमा भरत नाहीत आणि चेहरा असा फुगून गोल होतो. डॉक्टरीच्या पुस्तकात त्याला चंद्रासारखा चेहरा असंच नाव आहे. आणखी पंधरा दिवस थांबला असतात तर पाय कापावा लागला असता, हेही त्यांनी सांगितलं.

मी म्हणालो, आजच वाडीत जाऊन सगळ्या पुड्यांची होळी करतो. बाई भडकल्या.

"मास्तर, शरीराला त्याची सवय झालीय. एकदम तोडलंत तर माणूस दगावेल. तुम्ही जिंकाल आणि म्हातारी जाईल."

मी ओशाळलो. दुसऱ्यांना विचार करा म्हणून सांगत फिरणारा मी, स्वतः विचार न करताच काडी पेटवायला निघालो होतो.

मग महिनाभर चिमाबाईनं बाईंनी मोजून दिलेल्या स्टेरॉइडच्याच गोळ्या घेतल्या, दर आठवड्याला थोड्या कमी करत. सोबत साखरेचं औषध आणि तोंडानं ओढायचा दम्याचा पंप. पाय भरत आला. पुराव्याशिवाय वाडीत कुणी ऐकणार नव्हतं, म्हणून पुडी तपासायला पुण्याला पाठवली होती. स्टेरॉइड आणि पिठीसाखर, असा अहवाल कोजागिरीच्या आदल्या दिवशी आला. तो आम्ही पोलिसांकडे दिला.

आणि आता पटांगणात, यातलं काहीच ठाऊक नसलेल्या महाराजांनी चिमाबाईलाच उभं केलं. "बघा, वर्ष झालं, चंद्र अजून मावळला नाही."

तिनं माइक हातात घेतला. "महाराज, महिना झाला, तुमची पुडी म्या खाल्ली न्हाई. डाक्टरीणबाईच्या गोळ्या खाल्ल्या. भर उन्हात, चहासंगं. मधी आवस बी येऊन गेली. तरी माझी धाप बसलेलीच व्हती."

महाराज गडबडले. औषध कुणाचंही असो, आत शक्ती चंद्राचीच, असं म्हणाले.

"मंग आज समद्यांना नुसतं चांदण्यातलं दूध द्या. पुडी टाकू नगा."

पटांगणात पेले हळूहळू खाली येऊ लागले. पुडी हे चंद्राचं वाहन आहे, असं काहीतरी पुटपुटत महाराज आपल्या जीपकडे सरकले. जीपमध्ये हवालदार आधीच बसून होता.

आमच्यासोबत पटांगणात आलेल्या शीलाबाईंनी माइकवरून बजावलं, की जुन्या पुडीवाल्यांनी काहीही एकदम बंद करू नये, सकाळी पुड्या घेऊन दवाखान्यात यावं. सकाळी सगळे गोल चेहरे रांगेत होते. गोजरबाई तेवढी नाराज होती. चेहरा उतरला तर पाया कोण पडणार, असं ती मला विचारत होती.

चैत्रापर्यंत चिमाबाई पुन्हा ओळखपत्रासारखी दिसू लागली. ती दोन्ही पायांवर मेंढरांपर्यंत जाते, पंप कनवटीला असतो. मेंढरांना डोस द्यायला कुणी आलं, तरी ती आधी औषधाचं नाव विचारते आणि बाटली माझ्याकडून वाचून घेते.

कोजागिरीला लक्ष्मी येते आणि कोण जागं आहे असं विचारते, म्हणून आपण जागतो. जरूर जागा. दूध आटवा, गाणी म्हणा, पोटभर चंद्र बघा; त्यानं कुणाचं वाईट केलेलं नाही. पण दुधात कुणी पुडी सोडू लागलं, तर तिच्यात काय आहे ते विचारा. तो सांगत नसेल, तर पेला खाली ठेवा.