नळीचा नफा

सासऱ्यांची लघवीची नळी जागेवर राहिली, तर फायदा सुहैरचाच होता. चादरी कोरड्या राहत, आणि म्हातारा संडासासाठी हाका मारत नसे. ऑपरेशननंतर चार दिवसांपुरती घातलेली नळी म्हणून महिने उलटले तरी तशीच होती. अलेक्झांड्रियात ट्रामची तिकिटं फाडण्यात जन्म गेलेले हाज रिफअत पलंगाला टांगलेल्या पिशवीकडे बघत पडून असत.

"मला चालता येतं, सूनबाई."

"चाला की, बाबा. वाटेत गळलं तर पुसायचं कोणी?"

नातीचं लग्न पक्कं करायची फातिहा पढायला मुलाकडची मंडळी आली, त्या दिवशी सुहैरने पिशवी उचलली आणि रजईखाली म्हाताऱ्याच्या पोटावर ठेवली. चारचौघांत शोभा नको. मंडळी फातिहा पढली, सरबत प्याली, मुलूखियाची हिरवी, बुळबुळीत पालेभाजी चाटूनपुसून जेवली. तोवर पिशवीतला गढूळ ऐवज नळीतून माघारी शरीरात शिरत होता.

सकाळी हाज तापाने फणफणत होते. खोलीला असा वास, की सुहैर ओढणी नाकाला लावून दारातच थांबली. सुहैरच्या नवऱ्याने, मम्दूहने, औषधाच्या दुकानातून मागच्या तापाला आणलेल्या त्याच गोळ्या पुन्हा आणल्या. त्यांनी ताप उतरायचा, परत चढायचा.

शेवटी खालच्या मजल्यावरची नर्स इन्साफ आली. तिने नळी काढली, वर्तमानपत्रावर ठेवून कात्रीने उभी चिरली. आत हिरवट, बुळबुळीत थर होता. कात्री उचलली तशी त्याला तार सुटली.

"पाहुण्यांना मुलूखिया केली होतीत ना?" इन्साफ म्हणाली. "ही उरलेली."

मम्दूह मोरीकडे पळाला.

"जंतू या चिकट्यात घर करून बसतात. गोळी वरवरून निघून जाते. घर मोडल्याशिवाय भाडेकरू हलत नाहीत. आता यांना दवाखान्यात न्या, इंजेक्शनं लागतील."

"आणि नवी नळी कधी घालता, ताई?" सुहैरने विचारलं.

इन्साफने तिच्याकडे बघितलंच नाही. "हाज, घालायची?"

म्हाताऱ्याने डोळे मिटूनच मान हलवली. नाही.

ते परतले तेव्हा ताप गेला होता, एक मूत्रपिंडही गेलं होतं. लग्नाची तारीख ठरली. सुहैरच्या टापटिपीचं व्याह्यांनी कौतुक केलं. बापाच्या औषधांसाठी धावणाऱ्या मम्दूहला शेजारी दुवा देऊ लागले. उरलेला सगळा तोटा हाजच्या नावावर पडला.

हल्ली ते भिंत धरत स्वतः संडासाला जातात. कधी पोहोचायला उशीर होतो. मग मोरीला आतून कडी लागते आणि नळाखाली चादर चोळल्याचा आवाज येत राहतो.

"साबण बेताने वापरा, बाबा," सुहैर बाहेरून सांगते.