उलटा बसवलेला पंखा

सत्तावीस वर्षं माझ्या मागे बसून बायकोने एकच तक्रार केली, "अहो, पाय भाजतोय." आणि सत्तावीस वर्षं मी एकच उत्तर दिलं, "जरा बाहेर धर." मी मोठ्या मोटारसायकलींचा मेकॅनिक. लांबच्या प्रवासाच्या या जड गाड्या सिग्नलला थांबल्या की तापतात, आणि मागच्या सिलिंडरची धग नेमकी मागे बसणाऱ्याच्या पोटरीवर येते. त्यासाठी इंजिनाला पंखा बसवतात. गिऱ्हाइकांच्या गाड्यांना मी चाळीसेक तरी बसवले असतील. आमच्या गाडीचा मुहूर्त काही लागला नाही. "आमच्या उस्तादांना दुसऱ्यांच्या बायकांची फार काळजी," असं ती चारचौघांत म्हणायची. लोक हसायचे, मीही हसायचो. आता आठवलं की स्वतःच्याच थोबाडीत मारावीशी वाटते.

मग तिची तक्रार बंद झाली. मला वाटलं, सवय झाली असेल. एका रविवारी फिरून आल्यावर मुलीने तिचा मोजा काढला. उजव्या पोटरीवर लिंबाएवढा फोड होता.

"आई, हे दुखत नाहीये तुला?"

"कुठे काय?" ती वाकून बघत म्हणाली.

पुढचा महिना दवाखान्यात गेला. मणक्यात गाठ होती आणि ती काढता येण्याजोग्या जागी नव्हती. डॉक्टरांनी आम्हा तिघांना समोर बसवून सांगितलं, उजवा पाय गेला, डाव्यालाही एक दिवस गरम-गार कळेनासं होईल, आणि तिथून पुढे फार वेळ उरणार नाही. मुलगी रडायला लागली. ही डॉक्टरांना विचारते, "गाडीवर बसलं तर चालेल ना?"

डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं. "पट्टा बांधून, सावकाश," ते म्हणाले. "आणि पाय भाजू देऊ नका."

दुसऱ्या दिवशी मी गॅरेजचं शटर अर्धंच वर घेतलं, म्हणजे गिऱ्हाईक यायला नको. टाकी उतरवली. इंजिनाच्या डाव्या बाजूचा हॉर्न पुढे सरकवला आणि त्याच्या जागी पंखा बसवला. खोक्यातल्या कागदावर बाण काढलेले असतात, हवा डावीकडून आत, उजवीकडून बाहेर. चाळीस वेळा बसवला तसाच बसवला. इंजिन तापल्यावर पंखा आपोआप सुरू झाला. मी मागच्या उजव्या फूटरेस्टपाशी हात धरला, तर सगळा गरम झोत तिथेच येत होता. म्हणजे तिच्या त्या मुक्या पायावर.

मी खाली बसलो. धग कुणी गिळून टाकत नाही, कुठेतरी ती जाणारच. बऱ्याच वेळाने उठलो, चारही बोल्ट काढले, पंखा उलटा फिरवला आणि पुन्हा आवळला. उजवीकडच्या सायलेन्सरच्या पाइपाला जाड पट्टी गुंडाळली. आता झोत डावीकडे येत होता. तिथे दहा मिनिटं हात धरून पाहिला. चटका बसत नव्हता, नुसता वैताग येत होता. मला तेवढाच हवा होता.

मुलगी डबा घेऊन आली होती. तिला सगळं सांगितलं. "बाबा, मुद्दाम आईच्या चांगल्या पायावर?"

"भाजणार नाही गं. कुरकुर करेल, इतकंच."

तिने झोतात हात धरून पाहिला. मग म्हणाली, "माझ्यासमोर तरी तिला सांगू नका."

रविवारी दोघांनी उचलून तिला बसवलं, पाठीमागच्या टेकूला पट्टा बांधला. पहिल्याच सिग्नलला माझ्या पाठीत बोट टोचलं. "अहो, पंखा बसवलात ना? मग डावा का भाजतोय?"

"जरा बाहेर धर," मी म्हणालो. हेल्मेटच्या आत माझे डोळे भरून आले होते.

घरी आल्यावर तिने माझी यथेच्छ सालं काढली. जगाचे पंखे बसवले आणि घरचा एक धड जमला नाही म्हणे. मी मान खाली घालून ऐकून घेतलं.

असे अकरा रविवार गेले. आईला आत झोपवलं की मुलगी बाहेर येऊन हळूच विचारायची, "काय म्हणाली?" "शिव्या घातल्या," मी सांगायचो. मग ती चहा ठेवायची.

बाराव्या रविवारी ऊन फार होतं. पुढे कुठे तरी गाडी बंद पडल्यामुळे सिग्नलला आम्ही बराच वेळ अडकलो. पंखा गरगरत होता. माझाही डावा पाय त्याच झोतात येतो, तो गुडघ्यापर्यंत शेकून निघाला. पाठीत बोट आलं नाही. पुढच्या सिग्नललाही आलं नाही. पूल आला तशी मी गाडी कडेला घेतली.

"बरी आहेस ना?"

"मजेत," ती म्हणाली आणि माझा खांदा थोपटला. "जमला हो तुम्हाला शेवटी. आज अजिबात भाजलं नाही."

मी खाली वाकलो, वायर बघितल्यासारखं केलं. झोतात हात धरला. हवा गरमच होती.

"काल जरा नीट केला," मी म्हणालो.

"तरीच."

घरी आल्यावर तिला आत झोपवलं. मी पायरीवर येऊन बसलो. थोड्या वेळाने मुलगी बाहेर आली.

"काय म्हणाली?"

"कौतुक केलं," मी म्हणालो.